आम्ल-आम्लारी समतोल : फुप्फुसे आणि मूत्रपिंडे यांचे कार्य

धमनीतील रक्ताचा सामू, म्हणजेच पीएच, ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात राखणारी शरीराची व्यवस्था. या पट्ट्यात हायड्रोजन आयनांचे प्रमाण लिटरला सुमारे ४० नॅनोमोल, म्हणजे सोडियमपेक्षा जवळजवळ ३५ लाख पटींनी कमी असते. ते दुप्पट झाले की पीएच ७.१ वर उतरतो, हृदयाचे आकुंचन मंदावते आणि पोटॅशियमचा तोल ढळतो.

शरीरात आम्ल दोन प्रकारचे तयार होते. पेशींच्या श्वसनातून रोज सुमारे १५,००० मिलिमोल कार्बन डायऑक्साइड निघतो. तो वायू असल्याने फुप्फुसांतून बाहेर पडतो. दुसरे आम्ल स्थिर असते. प्रथिनांतील गंधकापासून सल्फ्युरिक आम्ल बनते आणि ते वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण १ मिलिइक्विव्हॅलंट (विद्युतभारानुसार मोजण्याचे एकक) भरते. हे श्वासावाटे जात नाही, मूत्रपिंडांनाच काढावे लागते. चवीवरून इथे फसगत होते. गोव्यातल्या ताटात आंबट असते ती सोलकढी, पण सोलांमधली सेंद्रिय आम्ले शरीरात बहुतांशी जळून जातात. मूत्रपिंडांवर आम्लाचा भार टाकतो तो हुमणातला, म्हणजे माशाच्या कालवणातला, प्रथिनयुक्त बांगडा.

फुप्फुसांचे काम मिनिटांत सुरू होते. रक्तातील कार्बन डायऑक्साइडचा दाब ३५ ते ४५ मिमी पारा असतो. तो वाढला किंवा पीएच घसरला की मेंदूच्या लंबमज्जेतील आणि मानेतील ग्रीवा धमनीपाशी असलेले संवेदक श्वास खोल व जलद करतात.

मूत्रपिंडे सावकाश, तीन ते पाच दिवसांत पूर्ण जोमाला येतात. मात्र आम्ल निष्प्रभ करताना खर्च झालेले बायकार्बोनेट, म्हणजे रक्तातील मुख्य आम्लारी, नव्याने घडवून साठा भरून काढण्याचे मुख्य काम त्यांचेच. रोज सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो आणि त्यातून ४,३०० मिलिइक्विव्हॅलंट बायकार्बोनेट नलिकांत उतरते. त्यातले सुमारे ८० टक्के पहिल्याच, समीप नलिकेत परत शोषले जाते. हा झाला केवळ गळती थांबवण्याचा भाग. रोजचे स्थिर आम्ल बाहेर टाकायचे तर हायड्रोजन आयनाला वाहक लागतो, कारण लघवीचा पीएच ४.५ च्या खाली जाऊ शकत नाही आणि मोकळ्या आयनांच्या रूपात जाणारे आम्ल नगण्य असते. फॉस्फेट हा एक वाहक, पण त्याचा पुरवठा मर्यादित. खरी मदार अमोनियावर. नलिकांच्या पेशी ग्लुटामिन या अमिनो आम्लापासून तो बनवतात आणि आम्ल साचले की काही दिवसांत त्याचे उत्पादन अनेक पटींनी वाढवतात. अमोनियमच्या रूपात एक हायड्रोजन आयन लघवीत गेला की एक नवे बायकार्बोनेट रक्ताला मिळते.

दोन्ही अवयवांचा मेळ एका सूत्रात बसतो : हायड्रोजन आयन (नॅनोमोल) = २४ × कार्बन डायऑक्साइडचा दाब (मिमी पारा) ÷ बायकार्बोनेट (मिलिइक्विव्हॅलंट, लिटरला). २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण, २६.४ टक्के, गोव्यात आढळले, म्हणून कीटोआम्लतेचे, म्हणजे मधुमेहात इन्सुलिन कमी पडून चरबीपासून बनलेली आम्ले रक्तात साचण्याचे, उदाहरण घेऊ. बायकार्बोनेट २४ वरून १० वर आले आहे. श्वास वाढवून फुप्फुसे योग्य भरपाई करत असतील तर कार्बन डायऑक्साइडचा अपेक्षित दाब = १.५ × बायकार्बोनेट + ८, म्हणजे १.५ × १० + ८ = २३, दोन इकडे-तिकडे. दाब खरोखर २३ असेल तर पीएच ७.२६ राहतो. ही धाप म्हणजे रुग्णाचा जीव तगवणारी भरपाई आहे. ती घबराट समजून झोपेचे औषध दिले, किंवा कृत्रिम श्वसनयंत्र नेहमीच्या गतीवर लावून दाब ४० वर आणला, तर पीएच ७.०२ पर्यंत कोसळतो. दाबाचा आकडा ‘नॉर्मल’ दिसतो आणि रुग्ण बिघडतो.

पावसाळ्यातील जुलाबांत बायकार्बोनेट शौचावाटे जाते, त्याची जागा क्लोराइड घेते. म्हणून सोडियममधून क्लोराइड व बायकार्बोनेट वजा केल्यावर उरणारा फरक नेहमीइतकाच, ८ ते १२, राहतो. कीटोआम्लतेत तो वाढतो. ओआरएसमधील सायट्रेटचे यकृतात बायकार्बोनेट होते, ते पुरेसे मिळावे म्हणून एक लिटरसाठीचे अख्खे पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यातच घालावे.

तपासणीसाठी बहुधा मनगटातील धमनीचे रक्त हेपॅरिन (रक्त गोठू न देणारे औषध) लावलेल्या सिरिंजमध्ये घेतात. हवेचा बुडबुडा राहिला तर कार्बन डायऑक्साइड कमी दिसतो. पातळ हेपॅरिन जास्त झाले तर तो आणि बायकार्बोनेट दोन्ही उतरतात. नमुना अर्ध्या तासात यंत्रात गेला पाहिजे, कारण रक्तपेशी जिवंतच असतात आणि आम्ल बनवत राहतात. सत्तरी किंवा काणकोण या गोव्यातल्या दूरच्या तालुक्यांतून नमुना बांबोळीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात धाडण्यात अर्थ नाही, रुग्णालाच हलवावे.

काणकोण तालुक्यात मधुमेह वा रक्तदाब नसलेल्यांतही दीर्घकालीन मूत्रपिंडविकार आढळल्याची नोंद आहे. नलिकांचा ऱ्हास करणाऱ्या अशा विकारात अमोनिया लवकर घटतो. साचलेले आम्ल मग हाडांतील चुना आणि स्नायूंतील प्रथिने झिजवते. बायकार्बोनेट २२ च्या खाली टिकून राहिले की सोडा-बायकार्बच्या गोळ्या सुरू करतात. ५०० मिलिग्रॅमच्या गोळीतून सुमारे ६ मिलिइक्विव्हॅलंट मिळते. तेवढेच सोडियमही पोटात जाते, म्हणून पायांवरील सूज आणि रक्तदाब पाहूनच मात्रा वाढवतात.