स्पितीला निघताय? सायकल सामानासकट आणा

मे महिना लागला की आमच्या वर्कशॉपमध्ये रोज एकच विचारणा असते : "शिमला-काझा-मनाली करतोय, सायकल एकदा बघून द्याल का?" हिमाचलमधल्या स्पिती खोऱ्यातून जाणारा हा रस्ता. बघून देऊच. पण सायकल येते ती रिकामी, धुऊनपुसून लख्ख केलेली, आणि रेल्वेचं तिकीट असतं परवाचं. बॅगा अजून कुरिअरमध्ये असतात, नाहीतर घरी कॉटवर पसरलेल्या. मग घाई तुमचीही होते आणि आमचीही.

तुम्ही नवखे नाही. ट्यूब बदलता येते, सिंहगड चढून झालाय, हे धरूनच लिहितो आहे. सांगायचं एवढंच, की सायकल सगळ्या सामानासकट आणा, आणि निघायच्या किमान तीन आठवडे आधी आणा.

सामान लादल्यावर काय बदलतं

स्टँडवर टांगलेल्या रिकाम्या सायकलचे गिअर कोणीही चोख लावून देईल. हँडलबारपुढे तंबू आणि स्लीपिंग बॅगची गुंडाळी बांधली की गिअरची केबल तिच्यामागे दबते. सरळ जाताना काही कळत नाही. वळणावर हँडल फिरवलं की केबल ताणली जाते आणि ऐन चढावर गिअर आपोआप बदलतो. उपाय दहा मिनिटांचा : केबल थोडी लांब ठेवायची किंवा गुंडाळी दोन बोटं पुढे घ्यायची. पण गुंडाळी समोर नसेल तर आम्ही कशावरून ठरवणार?

मागच्या लांब सीटबॅगचंही तसंच. फ्रेम लहान आणि चाक 29 इंची असेल तर सीट आणि टायर यांच्यात जेमतेम वीतभर जागा उरते. रिकामी बॅग तिथे छान बसते. कपडे भरल्यावर ती खाली झुकते, खड्ड्यात हेलकावे खाते आणि टायरला टेकते. टायरची नक्षी मग किसणीसारखी चालते आणि बॅगेचा तळ पहिल्याच खडबडीत पट्ट्यात जातो. अशा फ्रेमला आम्ही सीटबॅग लहान देतो आणि उरलेलं सामान फोर्कवर, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांवर, बांधायला लावतो. "मोठी बॅग आहे ना तुमच्याकडे, तीच द्या" असा आग्रह होतो, तेव्हा नकार देण्याचं कारण हे आहे.

कॅरिअर लावणाऱ्यांनी एक बोल्ट जरूर बघावा : गिअरच्या बाजूचा, खालचा. तो आतून दोन आटे जास्त बाहेर आला तर चेन सगळ्यात लहान चकतीवर गेल्यावर त्याला घासते. चढावर ती चकती वापरली जात नाही, म्हणून चार दिवस पत्ता लागत नाही; पहिल्या लांब उतारावर चेन अडकते. आम्ही बोल्ट कापून मापाचा करतो आणि आट्यांना लॉकटाइट (आटे घट्ट धरणारा गोंद) लावतो, नाहीतर दगडांच्या हादऱ्याने तो सैल होतो.

आणि आरे. चाकाचा आउट, म्हणजे डगमग, रिकाम्या सायकलवर काढला तरी 12 ते 15 किलो सामान घालून शंभरेक किलोमीटर चालवल्यावर आऱ्यांचा ताण पुन्हा बघावा लागतो. आरा तुटतो तो बहुतेक वेळा मागच्या चाकाचा, गिअरच्या बाजूचा. तो बदलायचा तर कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, काढावी लागते आणि कॅसेट काढायचं हत्यार नेमकं कोणाकडेच नसतं.

म्हणून तीन आठवडे. पहिल्या भेटीत सामान लादून सायकल लावून देतो. मग तुम्ही ती तशीच भरलेली घेऊन पुण्याजवळचा बोपदेव घाट चढा-उतरा, शक्यतो एक पूर्ण दिवस कच्च्या रस्त्यावर घाला, आणि परत आणा. दुसऱ्या तपासणीचे वेगळे पैसे आम्ही घेत नाही. ती पहिल्याच आकारणीत धरलेली आहे. आमचा दर शेजारच्या दुकानापेक्षा जास्त वाटतो तो यामुळे. सायकल एका दिवसात हातावेगळी करणं आम्हालाही सोयीचं पडेल, पण त्या कामावर विसंबून कोणी कुंझुमच्या उंच खिंडीत जावं असं आम्हाला वाटत नाही.

रस्ता कुठे त्रास देतो

शिमला ते काझा सुमारे 420 किलोमीटर, पुढे काझा ते मनाली सुमारे 200. पहिला टप्पा लांब, पण गावं आहेत : नारकंडा, रामपूर, रिकाँग पिओ, नाको, ताबो. उंचीही हळूहळू वाढते, त्यामुळे शरीराला सवय होते. मनालीकडून उलटं जाऊ नका हे आमचं जुनं सांगणं त्यासाठीच. मात्र जुलै-ऑगस्टमध्ये किन्नौरच्या बाजूला दरडी कोसळतात, तेव्हा हाताशी दोन दिवस मोकळे ठेवा.

खरी परीक्षा लोसर सोडल्यावर. कुंझुमची खिंड सुमारे 4,550 मीटरवर आहे. पलीकडे उतरून बातल, आणि तिथून चंद्रा नदीच्या काठाने छत्रू, ग्रांफू. रस्ता म्हणजे मोठमोठे गोटे, वाळू आणि आडवे येणारे नाले. नाल्यांना पाणी वरच्या बर्फाचं, त्यामुळे दुपारी ते चढतं. मोठे नाले सकाळी लवकर ओलांडा, सायकल ढकलत, आणि बूट काढू नका. तळाचे दगड फिरतात. जे काही सैल आहे ते याच पट्ट्यात निखळतं. इथे दुकान नाही, आणि मोबाइलच्या रेंजवर भरवसा ठेवू नका.

टायर 2.1 इंचांपेक्षा अरुंद नको. हवेबद्दल एक गोष्ट लक्षात असू द्या : पुण्यात भरलेला टायर कुंझुमवर पाचेक पीएसआयने (पीएसआय हे हवेच्या दाबाचं माप) जास्त कडक होतो, कारण बाहेरच्या हवेचा दाब तिथे बराच कमी असतो. 25 पीएसआयवर चालवणाऱ्याला हा फरक हातांत जाणवतो. गेज बरोबर ठेवा, वर गेल्यावर थोडी हवा सोडा आणि मनालीकडे उतरताना परत भरा.

ब्रेकला आम्ही सिंटर्ड, म्हणजे धातूच्या पॅडचा आग्रह धरतो, अर्थात तुमच्या डिस्कला ते चालत असतील तर. आवाज करतात हे खरं, पण लांब उतारावर तापले तरी धरतात आणि चिखलपाण्यात कमी झिजतात. नवे पॅड बसायला वेळ लागतो, आणि तो बोपदेवच्या उतारावर दिलेला बरा.

डिरेलर हँगर

सायकल एकदा तपासली, की निघताना एवढा एक तुकडा जवळ ठेवा. चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा मागचा डिरेलर फ्रेमला ज्यावर टांगलेला असतो ती छोटी पट्टी मुद्दाम मऊ धातूची करतात, म्हणजे आपटल्यावर ती वाकते आणि फ्रेम वाचते. पण प्रत्येक मॉडेलची पट्टी वेगळी. काझ्यात पंक्चर निघेल, वेल्डिंग होईल. तुमच्या फ्रेमचा हँगर मिळणार नाही. आमच्याकडेही सगळे नसतात, मागवावे लागतात, आणि तीन आठवडे मागतो त्यातला निम्मा वेळ यातच जातो.

हँगर वाकतो तो बरेचदा डोंगरात नाही, रेल्वेच्या पार्सलमध्ये. झेलम एक्स्प्रेसने अंबाल्याला जाणाऱ्यांची सायकल आम्ही डिरेलर सोडवून, फ्रेमच्या आत बांधून खोक्यात भरतो. हायड्रॉलिक ब्रेक असतील तर पॅडच्या मध्ये प्लास्टिकचा तुकडा घालतो, कारण चाक काढलेलं असताना कोणाचा हात लिव्हरवर पडला की पॅड एकमेकांना चिकटतात. तो तुकडा फेकू नका, परतीला लागतो. सीटपोस्टवर उंचीच्या खुणेची टेप आणि बॅगांच्या पट्ट्यांवर मार्करच्या रेघाही असतील. जोडताना तिथेच आणा, म्हणजे बसवलेली मापं तशीच राहतील.

बॅगा भाड्याने

एकाच प्रवासासाठी पूर्ण संच विकत घेणं अनेकांना जड जातं, म्हणून सीटबॅग, फ्रेमबॅग, हँडलबारची गुंडाळी आणि फोर्कचे पिंजरे आम्ही भाड्याने देतो. चाचणीच्या दिवसांचं भाडं लावत नाही. बॅगा बोपदेवलाही घेऊन जा. जून आणि सप्टेंबरचे संच लवकर संपतात, त्यामुळे तारखा ठरल्या की आधी नाव नोंदवा. पुढे विकतच घ्यायचा विचार झाला तर भरलेलं भाडं किमतीतून वळतं करतो.

परत देताना बॅगा मशीनमध्ये धुऊ नका. आतला जलरोधक थर सुटतो आणि शिवणीतून पाणी यायला लागतं. माती तशीच असू द्या, ओल्या असतील तर सावलीत वाळवा आणि आणून द्या. साफ आम्ही करू.