वाहिनी जाते ती ऐन मोक्याच्या दिवशीच

मोठा सामना दोन-चार दिवसांवर आला की पडद्याच्या तळाशी एक पट्टी धावू लागते. अमुक तारखेपासून ही वाहिनी तुम्हाला दिसणार नाही, तुमच्या केबल कंपनीला फोन लावून जाब विचारा, असा तिचा मजकूर आणि शेजारी नंबर. केबल कंपनीही गप्प बसत नाही. वाहिनीवाले अवाच्या सवा पैसे मागताहेत आणि आम्ही तुमचं बिल वाढू नये म्हणून लढतोय, असं ती सांगत सुटते. मध्यरात्री करार संपतो. सकाळी त्या क्रमांकावर वाहिनीऐवजी खुलासा करणारी एक स्थिर पाटी दिसते. महिन्याचं बिल मात्र ठरल्या तारखेला येतं.

अमेरिकेत पैसे भरून टीव्ही पाहणाऱ्यांना हा प्रकार आता पाठ झाला आहे. प्रेक्षक चिडतात, आणि चिडावेत म्हणूनच तारीख तशी साधलेली असते. त्यांचा संताप हा या भांडणाचा दुष्परिणाम नव्हे. दोन्ही बाजू त्याच्याच जोरावर सौदा करतात. गंमत म्हणजे हे हत्यार ज्या कायद्याने हाती दिलं, तो कायदा ग्राहकाचं बिल आटोक्यात आणण्यासाठी केला होता.

केबलचा धंदा सुरू झाला तेव्हा भांडायला काही नव्हतंच. १९४० च्या दशकाच्या अखेरीस पेनसिल्व्हेनियातल्या डोंगराळ खाणगावांना फिलाडेल्फियाच्या केंद्रांचे संकेत मिळत नसत. चित्रच दिसत नसेल तर टीव्ही संच घेणार कोण? म्हणून लॅन्सफर्डसारख्या गावात दुकानदारांनीच पुढाकार घेतला, डोंगरावर उंच अँटेना उभारला आणि तिथून तार ओढून घरोघर चित्र पोचवलं. टीव्ही केंद्रांना फुकटात जास्तीचे प्रेक्षक मिळत होते, त्यामुळे तीही खूश. पुढे केबलवाले दूरदूरच्या शहरांतली केंद्रं आणून दाखवू लागले, तेव्हा कुरबुर सुरू झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९६८ व १९७४ च्या दोन्ही निकालांत केबलवाले जिंकले. १९७६ च्या कॉपीराइट कायद्याने कार्यक्रमांच्या मालकांना ठरावीक शुल्क मिळू लागलं, पण ज्या केंद्राचा संकेत उचलला जायचा त्या केंद्राच्या पदरात काही पडत नव्हतं.

१९८४ च्या कायद्याने केबलचे दर मोकळे सोडले. बहुतेक शहरांत एकच केबल कंपनी होती, त्यामुळे व्हायचं तेच झालं. बिलं भराभर चढली आणि लोकांच्या तक्रारींचा ओघ थेट संसदेपर्यंत गेला. त्यातून १९९२ चा केबल कायदा आला. राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश थोरले यांनी त्यावर नकाराधिकार वापरला, तो संसदेने ५ ऑक्टोबर १९९२ रोजी झुगारून दिला. त्यांच्या चार वर्षांत उलटवला गेलेला हा एकमेव नकाराधिकार. निवडणूक महिन्यावर आली होती आणि केबलच्या बिलावर चिडलेले मतदार दोन्ही पक्षांना दिसत होते.

या कायद्यात दरनियंत्रणाच्या जोडीला एक कलम बसलं. प्रत्येक स्थानिक टीव्ही केंद्राने दर तीन वर्षांनी दोनपैकी एक मार्ग निवडायचा. एक तर केबल कंपनीने आपल्याला दाखवलंच पाहिजे असा हक्क बजावायचा, पण मग पैसे मागायचे नाहीत. नाहीतर परवानगी आपल्या हाती ठेवायची आणि तिची किंमत मागायची. सौदा जमला नाही तर केबलवरून संकेत काढून घ्यायचा. छोट्या केंद्रांनी पहिला मार्ग धरला. ज्यांच्याकडे लोकप्रिय मालिका आणि अमेरिकन फुटबॉल होतं, त्यांनी दुसरा.

पहिली मुदत ऑक्टोबर १९९३ मध्ये आली. टीसीआय या सर्वांत मोठ्या केबल कंपनीचे जॉन मलोन यांनी रोख एक पैसा देणार नाही असं बजावलं. मग मधला मार्ग निघाला तो असा, की रोख नको, त्याऐवजी आमची आणखी एक वाहिनी घ्या आणि तिचे पैसे द्या. देशभर केंद्रं असलेल्या मोठ्या नेटवर्कांपैकी एबीसीच्या बाजूने खेळाची ईएसपीएन २ आली, फॉक्सची एफएक्स, एनबीसीची अमेरिकाज टॉकिंग, जिच्या जागी १९९६ मध्ये एमएसएनबीसी उभी राहिली. सीबीएसचे लॉरेन्स टिश रोख रकमेवरच अडून बसले आणि शेवटी रिकाम्या हाताने परतले. त्या वेळी त्यांचं हसं झालं. पण पुढच्या पंधरा-वीस वर्षांत अख्खा उद्योग त्यांच्याच मागणीवर आला. १९९३ च्या तडजोडीचा भुर्दंड मात्र ग्राहकाच्या पॅकेजमध्ये कायमचा बसला. कुणी न मागितलेल्या वाहिन्या त्यात घुसल्या आणि प्रत्येकीचं भाडं बिलात मिळवलं गेलं.

तरीही १९९० च्या दशकात वाहिन्या क्वचितच बंद पडत. कारण साधं होतं. केबल सोडून प्रेक्षक जाणार कुठे? १९९४ मध्ये डायरेक्टव्ही आणि १९९६ मध्ये डिश या उपग्रहावरून वाहिन्या देणाऱ्या कंपन्या आल्या, पण त्यांच्या छत्रीवर स्थानिक केंद्रं दिसत नसत. १९९९ च्या कायद्याने ती अडचण दूर केली. स्पर्धा वाढली की दर उतरतील, असा सगळ्यांचा हिशोब होता. इथे तो उलटा पडला. स्पर्धा वाढली ती विकत घेणाऱ्यांमध्ये. माल विकणारा एकच, घेणारे तीन. आता वाहिनी प्रेक्षकाला उघड सांगू शकत होती, की इथे आम्ही नाही, पलीकडच्या कंपनीकडे आहोत, तिकडे जा. नाक दाबलं की तोंड उघडतं, आणि नाक दाबण्याची सोय या स्पर्धेने करून दिली.

लगेच पुढच्या वर्षी ठिणगी पडली. १ मे २००० रोजी टाइम वॉर्नर केबलने न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस, ह्यूस्टन अशा शहरांतून डिस्नेच्या मालकीची एबीसी काढून टाकली. सुमारे ३५ लाख घरांत वाहिनीच्या जागी मजकूर झळकला, की डिस्नेने तुमची एबीसी हिरावून घेतली आहे. हे ३९ तास चाललं. एफसीसी म्हणजे अमेरिकेची दूरसंचार नियामक संस्था. तिने निकाल दिला की प्रेक्षकसंख्या मोजण्याच्या काळात केबल कंपनीने स्थानिक केंद्र काढणं नियमाविरुद्ध आहे. पण हा नियम एकतर्फी होता. केबल कंपनीला वाहिनी काढता येत नव्हती, वाहिनीला मात्र स्वतःहून निघून जाण्याची मुभा होती. धंद्यातल्या माणसांनी तो धडा नीट गिरवला.

पाच वर्षांनी नेक्सस्टार या छोट्या शहरांत केंद्रं चालवणाऱ्या कंपनीने रोख रकमेसाठी कॉक्स आणि केबल वन या केबल कंपन्यांवरून आपली केंद्रं काढली आणि कित्येक महिने परत दिली नाहीत. नाव फारसं गाजलं नाही, पण रोकडीची वाट तिथून मोकळी झाली. २००६ मध्ये केंद्रांना या परवानग्यांपोटी साधारण २० कोटी डॉलर मिळत. २०२० च्या आसपास हा आकडा हजार कोटींच्या वर होता.

हे पैसे ग्राहकाच्याच खिशातून जातात, हे बिलावर दिसायला मात्र उशीर लागला. कॉमकास्ट या केबल कंपनीने २०१४ च्या सुरुवातीला बिलात वेगळी ओळ टाकली, 'ब्रॉडकास्ट टीव्ही फी', दीड डॉलर. जाहिरातीतल्या दरात ती धरलेली नसे. दहा वर्षांत काही भागांत या एका ओळीने २० डॉलर ओलांडले.

तारीख कशी साधली जाते, याचा नमुना म्हणजे ७ मार्च २०१०. रविवार, ऑस्करची रात्र. सोहळ्याचे हक्क एबीसीकडे, आणि न्यूयॉर्क परिसरातल्या केबलव्हिजनच्या ३१ लाख घरांतून एबीसी गेली ती त्याच दिवशी, मध्यरात्री बाराचा ठोका पडल्यावर. दिवसभर दोन्ही कंपन्यांची पत्रकं निघत राहिली. पाहुणे बोलावून बसलेल्या लोकांपुढे संध्याकाळपर्यंत पाटीच होती. साडेआठला सोहळा सुरू झाला आणि सुमारे पंधरा मिनिटांनी चित्र आलं. तत्त्वतः सहमती झाली होती. त्याच वर्षी ऑक्टोबरात फॉक्सने केबलव्हिजनला पंधरा दिवस कोरडं ठेवलं आणि बेसबॉलच्या वर्ल्ड सीरिजच्या पहिल्या दोन सामन्यांना लोकांना मुकावं लागलं.

२०१३ मध्ये टाइम वॉर्नर केबल आणि सीबीएस यांचं महिनाभर वाजलं, २ ऑगस्ट ते २ सप्टेंबर. न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस आणि डॅलसमधली ३० लाखांच्या घरातली कुटुंबं त्यात सापडली. सीबीएसने एक पाऊल पुढे टाकलं आणि आपल्या संकेतस्थळावरचे भागही टाइम वॉर्नरच्या इंटरनेट ग्राहकांना बंद केले. ज्यांचा टीव्ही दुसऱ्याच कंपनीचा होता, फक्त इंटरनेट टाइम वॉर्नरचं होतं, तेही भरडले गेले. त्या तिमाहीत टाइम वॉर्नरने टीव्हीचे ३ लाखांहून अधिक ग्राहक गमावले. फुटबॉलचा हंगाम तोंडावर आल्यावर करार झाला. कोण नमलं, हे वेगळं सांगायची गरज नव्हती.

या सगळ्यात मला सर्वांत निष्ठुर वाटतं ते लॉस एंजेलिसचं प्रकरण. तिथे वाहिनी बंद झाली नाही, बहुतेकांच्या घरी ती आलीच नाही. डॉजर्स या बेसबॉल संघाने टाइम वॉर्नरबरोबर २५ वर्षांचा, ८३५ कोटी डॉलरचा करार केला आणि २०१४ मध्ये स्वतःची वाहिनी काढली. एवढी रक्कम वसूल करायची तर दर तसाच हवा. डायरेक्टव्हीसह इतर कंपन्यांनी तो दर नाकारला. शहरातल्या निम्म्याहून अधिक घरांना आपल्याच गावचा संघ दिसेना. विन स्कली १९५० पासून या संघाचं समालोचन करत होते आणि पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या आवाजावर वाढल्या होत्या. २०१६ मध्ये ते निवृत्त झाले, तेव्हा त्यांचे अखेरचे काही सामने स्थानिक केंद्रावरून दाखवण्याची मेहेरबानी झाली. डायरेक्टव्हीशी करार जमला तो एप्रिल २०२०मध्ये. तेव्हा कोरोनामुळे सामनेच बंद होते.

खेळ हाच या भांडणांचा गाभा का, याचं उत्तर घड्याळात आहे. मालिका आठवड्याने पाहिली तरी चालते, सामना दुसऱ्या दिवशी शिळा होतो. म्हणून खेळाचे हक्क महाग, म्हणून एकट्या ईएसपीएनचा भाव दर ग्राहकामागे महिन्याला ९ डॉलरच्या वर, आणि तो भाव आयुष्यात एक सामना न पाहणाऱ्यालाही भरावा लागतो. उलट भांडण फुटबॉलवरून पेटलं तरी त्याच कंपनीची कार्टूनची वाहिनीही सोबत जाते. घरातल्या पोराने कुणाचं काय घोडं मारलं होतं, हा प्रश्न कुणी विचारत नाही.

मग ग्राहकाने करायचं काय? एबीसी, सीबीएस, फॉक्स, एनबीसी ही केंद्रं हवेतून फुकट येतात. साधा अँटेना लावला तर भांडणाच्या दिवशीही ती दिसू शकतात. पण सगळ्या घरांत संकेत नीट पोचत नाही आणि ईएसपीएन तर हवेत नसतेच. हा अँटेना इंटरनेटवरून भाड्याने देण्याची एरिओ या कंपनीची युक्ती सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये मोडीत काढली. ना-नफा तत्त्वावर तेच करणारी लोकास्ट २०२१ मध्ये कोर्टात हरून बंद पडली. एफसीसी दोन्ही बाजूंना प्रामाणिकपणे वाटाघाटी करा असं सांगू शकते. तोवर वाहिनी चालू ठेवा असा हुकूम देण्याचा अधिकार आपल्याला नाही, असं तिने २०११ मध्येच म्हटलं होतं. बंद दिवसांचे पैसे ग्राहकाला परत द्यायला लावावेत, असा प्रस्ताव तिने जानेवारी २०२४ मध्ये मांडला. भांडण दोघांचं असताना भरपाई एकट्याने का द्यावी, असा केबलवाल्यांचा सवाल.

अलीकडे केबलवालेही पूर्वीसारखे घाबरत नाहीत. टीव्ही सोडून इंटरनेट विकण्यात त्यांना जास्त पैसा आहे. ३१ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी चार्टर या केबल कंपनीच्या जवळपास दीड कोटी ग्राहकांकडून डिस्नेच्या वाहिन्या गेल्या, कॉलेज फुटबॉल आणि यूएस ओपन टेनिस ऐन रंगात असताना. आमच्या धंद्याचं गणितच मोडलंय, वाटलं तर टीव्ही सोडून देऊ, असं चार्टरने गुंतवणूकदारांसमोर उघड मांडलं. ११ सप्टेंबरला सोमवारच्या फुटबॉल सामन्याआधी काही तास समेट झाला. चार्टरच्या ठरावीक ग्राहकांना डिस्ने प्लस जोडून मिळालं आणि आठ किरकोळ वाहिन्या गळाल्या. पुढच्या वर्षी त्याच सुमारास डायरेक्टव्हीची पाळी आली. डिस्नेबरोबरचा तो तिढा १३ दिवस चालला आणि एबीसीने भरवलेली राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारांची चर्चाही त्याच काळात झाली.

या कटकटीला वैतागून कित्येकांनी केबल तोडली आणि इंटरनेटवरून वाहिन्या दाखवणारा यूट्यूब टीव्ही घेतला. २०१७ मध्ये तो महिन्याला ३५ डॉलरना होता, २०२५ च्या जानेवारीत ८३ डॉलरवर पोचला. ३० ऑक्टोबर २०२५ च्या रात्री तिथूनही ईएसपीएन, एबीसी आणि डिस्नेच्या बाकी वाहिन्या नाहीशा झाल्या. ग्राहकांना २० डॉलरची सूट जाहीर झाली. दोन शनिवार कॉलेज फुटबॉलविना गेले. तिसऱ्या शनिवारच्या आदल्या दिवशी, १४ नोव्हेंबरला करार झाला. रक्कम जाहीर झाली नाही.