मऊ सीट म्हणजे आरामाची सीट?

‘लांब जायचंय ना, मग सीटमध्ये मऊ फोम भरून घे,’ हा सल्ला बुलेटवाल्यांत वर्षानुवर्षं फिरतोय. दुकानात अंगठा दाबून फोम निवडणारेही कमी नाहीत. पण सीटवर अंगठा बसत नाही, आपण बसतो!

बसल्यावर शरीराचा बराचसा भार ढुंगणातल्या दोन हाडांवर येतो. मऊ फोम सुरुवातीला गादीसारखा वाटतो, मग दबून सपाट होतो आणि हाडांना खालचा पत्रा लागायला लागतो. इथे घनता (ठरावीक आकाराच्या फोमचं वजन) आणि कडकपणा (दाबायला लागणारा जोर) यांची गल्लत होते. जास्त घनतेचा फोम कडकच असतो असं नाही. तो लवकर दबून सपाट होत नाही, एवढंच. म्हणून खाली घट्ट थर आणि वर पातळ मऊ थर घ्यावा.

त्याहून महत्त्वाचा आकार. बसायची जागा रुंद, सपाट हवी. पुढे उतार असला की प्रत्येक ब्रेकला टाकीवर घसरता. जाडी वाढवली तर उंचीही वाढते, तेव्हा सिग्नलला पाय टेकतात का ते आधी बघा.

सीटच्या कव्हरवर चौकटीची शिलाई दिसते झकास, पण पावसात टाक्यांच्या भोकांतून पाणी फोममध्ये मुरतं. त्या शिलाईचा खर्च मी केलाय.