ऊसतोड हंगाम आणि मुलींची शाळागळती

बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी या जिल्ह्यांतल्या कोरडवाहू भागांतून ऊसतोड कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात आणि मार्च-एप्रिलच्या आसपास परततात. शाळेचे दुसरे सत्र त्यात जवळजवळ सगळे जाते. हे मुलगे आणि मुली दोघांचेही होते. मुलीची शाळा सातवी-आठवीत कायमची सुटते, त्यामागची कारणे मात्र वेगळी आहेत.

तोडणीत मजुरीचे एकक ‘कोयता’, म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस अर्धा कोयता. मुकादमाची (मजुरांची टोळी जमवणाऱ्या ठेकेदाराची) उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, जोडीच्या हिशेबाने मिळते, म्हणून पोराचे लग्न लावले की घरात एक कोयता वाढतो आणि त्यासाठी कुणाची तरी मुलगी लागते.

मुलीला फडावर, म्हणजे तोडणीच्या शेतावर, नेले तर पाणी भरणे, भाकरी थापणे, धाकटी भावंडे सांभाळणे तिच्याकडे येते. बारा-तेराची झाली की ती मोळ्या बांधते, वाढे (उसाचे हिरवे शेंडे) गोळा करते. राहायच्या कोपीला, म्हणजे तात्पुरत्या झोपडीला, दार नसते आणि आई-बाप पहाटेच फडात गेलेले असतात. गावी ठेवावी, तर स्थलांतरितांच्या मुलांसाठी गावात चालणारे हंगामी वसतिगृह नावालाच वसतिगृह: बऱ्याच ठिकाणी जेवणाची सोय तेवढी होते, झोपायला आजीचेच घर. पाळी सुरू झालेली पोर थकलेल्या म्हातारीच्या भरवशावर सहा महिने ठेवायला आई धजत नाही. ‘काही वेडंवाकडं झालं तर?’ या प्रश्नाला इथेही उत्तर नाही, तिथेही नाही. उरते लग्न. त्यात हुंड्याचे गणित भर घालते: मुलगी जितकी शिकेल तितका शिकलेला नवरा शोधावा लागतो आणि त्याचा भावही चढा. ‘शिक्षणाबद्दल अनास्था’ हे अहवालांतले आवडते कारण म्हणूनच अपुरे वाटते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019–21) 20 ते 24 वयोगटातील अठराच्या आत लग्न झालेल्या स्त्रिया राज्यात 21.9 टक्के, बीडमध्ये 43.7 टक्के होत्या.

साखरशाळा, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठीच्या शाळा, कारखान्याजवळ भरायच्या. गाडी सेंटरची, म्हणजे बैलगाडीने ऊस वाहणारी, कुटुंबे कारखान्याजवळ राहतात, त्यांच्या मुलांना त्या सोयीच्या; डोकी सेंटरच्या, म्हणजे डोक्यावर मोळ्या वाहून ट्रक भरणाऱ्या, टोळ्या गावोगाव फिरतात, त्यांची मुले सुटून जात. शिक्षण हक्क कायदा 6 ते 14 वयापुरता, म्हणजे गाठ जिथे घट्ट होते तिथेच तो संपतो. गावात बालविवाह रोखण्याची जबाबदारी ग्रामसेवकावर (आताचा ग्रामपंचायत अधिकारी) असते. त्याला ‘साखरपुडा आहे’ असे सांगून पाहुण्यांच्या गावी लग्न उरकले जाते.

आठवीपर्यंत नुसती नापास न करण्याची सवलत राज्यात 2023 पर्यंत होती, तीही मुलीच्या अंगाशी आली. दरवर्षी अर्धे वर्ष बुडवून ती आठवीत पोचायची, वाचन अडखळायचे, आणि घरचे म्हणायचे, ‘हिचं डोकंच चालत नाही.’

खरी राहण्याची सोय आणि मुक्कामी बाई असलेले वसतिगृह मिळाले, तर कुटुंबे मुलीला मागे ठेवायला तयार होतात. पण प्रवेशाची यादी उचलीच्या आधी लागायला हवी. कोण जाणार, किती कोयते जाणार, हे उचल घेतानाच पावसाळ्यात ठरते; दिवाळीनंतर कोप्यांवर मुली शोधत फिरून फारसे हाती लागत नाही.