बोर्डापुढे एक्स-रे, आयुक्तांपुढे तारखा

दिव्यांगांचे अर्ज भरून देताना एकच घोटाळा मी इतक्यांदा पाहिलाय की आता लिहूनच टाकतो. माणसं सिव्हिल हॉस्पिटलात अपंगत्वाचे टक्के ठरवणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डापुढे गाऱ्हाणं घेऊन जातात आणि दिव्यांगांच्या तक्रारी ऐकणाऱ्या दिव्यांग आयुक्तांच्या सुनावणीला एक्स-रे. हवं नेमकं उलटं.

बोर्ड तुम्हाला ठाऊकच आहे: पोर्टलवर अर्ज, केसपेपर, रांग, टक्के. दिव्यांग हक्कांच्या 2016 च्या कायद्याने अपंगत्वाच्या सात प्रकारांचे एकवीस केले आणि 40 टक्क्यांपासून आरक्षणाचं दार उघडलं. दिव्यांग ओळखपत्राचं कार्ड पांढरं, पिवळं की निळं यावर लोक तासभर वाद घालतात. तो रंग टक्क्यांवरून आपोआप ठरतो, सोडा.

खरी गोम पुढे आहे. बोर्ड शरीर मोजतं, हाल मोजत नाही. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसऱ्याने नीट दिसतंय, तर 30 टक्के. एक कान ठार बहिरा, दुसरा ठणठणीत असेल तर चांगल्या कानाच्या टक्क्यांची पाचपट करायची, त्यात वाईट कानाचे मिळवायचे आणि सहाने भागायचं. उत्तर 17 च्या आत. त्या कानापायी नोकरी गेली असली तरी तक्त्यात नोकरीचा रकाना नाही. दोन अपंगत्वांची सरळ बेरीजही होत नाही. डोळ्याचे 30 आणि पायाचे 20 मिळून 50 नव्हे, 43 होतात, कारण लहान आकडा सूत्रात घालून आधी कमी केला जातो. ‘माझे सात टक्के खाल्ले’ असं म्हणणारे मला दर महिन्याला भेटतात.

एक काका बोर्डाला येताना पिशवीभर कागद घेऊन आले होते. रेशनकार्ड, सातबारा, सरपंचांचं पत्र. डॉक्टरांनी गुडघा वाकवला, किती अंश वाकतो ते मोजलं, आकडा लिहिला आणि पुढचा नंबर पुकारला. पिशवी उघडलीच नाही. काका संतापले, पण डॉक्टरांचं काही चुकलं नव्हतं. ती पिशवी तहसीलची होती, संजय गांधी निराधारच्या अर्जासाठी. बोर्डाला हवे होते जुने रिपोर्ट, ऑपरेशनचे कागद, डिस्चार्ज कार्ड, आणि ते नेमके घरी राहिले होते.

आता सुनावणी. पुण्यातल्या राज्य आयुक्तांना तक्रारीच्या चौकशीत दिवाणी न्यायालयाचे काही अधिकार असतात: साक्षीदार बोलावणं, कागद मागवणं, शपथपत्रावर पुरावा घेणं. तिथे तुमचा गुडघा कोणी वाकवून बघत नाही. दाखला जोडला की अपंगत्वाचा विषय बहुधा संपतो. प्रश्न उरतो तो असा, की कोणी, कधी, काय नाकारलं? ‘मला वारंवार त्रास दिला’ या वाक्याची मला ॲलर्जी आहे. त्याऐवजी लिहा: अमुक तारखेला लेखनिकासाठी अर्ज दिला, त्याचा आवक क्रमांक हा, आणि परीक्षेच्या सकाळी तोंडी नकार मिळाला, तेव्हा शेजारी अमुक उभा होता. मग त्या अमुकचं वेगळं शपथपत्र जोडा. त्याने पाहिलेलं तुमच्या शपथपत्रात घुसडू नका. आणि पोच घेतल्याशिवाय कुठल्याही टेबलावर कागद ठेवायचा नाही, साहेब कितीही गोड बोलले तरी.

टक्केच कमी आले असतील तर? त्यासाठी आयुक्तांकडे धावणं म्हणजे महिने वाया घालवणं. प्रमाणपत्राविरुद्ध त्याच 2016 च्या कायद्याच्या कलम 59 खाली वेगळं अपील आहे, तिकडे जा.

या वाटणीला एक मोठा अपवाद आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की निव्वळ टक्क्यांवर बोट ठेवून एमबीबीएसचा प्रवेश नाकारता येणार नाही. तो अभ्यासक्रम झेपेल की नाही, हे बोर्डाने कारणांसह लिहायला हवं. अशा बोर्डापुढे मात्र आपण कसं लिहितो, कसं बोलतो, कोणती साधनं वापरतो हे जरूर सांगा.

सुनावणीनंतर आयुक्त शिफारस करतात. ज्या कार्यालयाविरुद्ध तक्रार आहे, त्याने तीन महिन्यांत काय कारवाई केली ते कळवायचं असतं. शिफारस मान्य नसेल तर त्याची कारणं त्याच मुदतीत आयुक्तांना आणि तुम्हालाही कळवायची असतात. ते पत्र आलं की लॅमिनेट करू नका, झेरॉक्स काढा. पुढे उच्च न्यायालयात जायची वेळ आली तर वकील आधी तेच मागेल.