कार्यालयात परत बोलावताना

कोविडनंतर कर्मचाऱ्यांना कार्यालयात परत बोलावताना बहुतेक ठिकाणी वाद होतो तो आठवड्यातील दिवसांच्या संख्येवर. मला मात्र ते दिवस कोण ठरवतो हा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो, आणि शांघायच्या ट्रिप डॉट कॉम या ऑनलाइन प्रवास-आरक्षण कंपनीत झालेले दोन प्रयोग त्यासाठी पाहण्यासारखे आहेत.

२०१० साली सुरू झालेल्या पहिल्या प्रयोगात, घरून काम करण्याची तयारी दाखवलेल्या कॉल सेंटरमधील २४९ कर्मचाऱ्यांची जन्मतारखेनुसार विभागणी झाली. सम तारखेचे कर्मचारी नऊ महिने आठवड्यातील चार दिवस घरून काम करू लागले, तर विषम तारखेचे कार्यालयातच राहिले. घरच्या गटाचे काम १३ टक्क्यांनी वाढले आणि नोकरी सोडण्याचे प्रमाण निम्म्यावर आले. पण तितकेच चांगले काम करूनही त्यांना बढत्या कमी मिळाल्या आणि अनेकांना एकटेपणा जाणवू लागला. प्रयोगानंतर निवडीची मोकळीक मिळताच निम्म्याहून अधिक जणांनी आपली कामाची जागा बदलली, आणि घरून कामाचा लाभ १३ वरून सुमारे २२ टक्क्यांवर गेला. कोणाला काय मानवते हे ज्याचे त्यालाच सर्वांत नीट कळत होते.

मानसशास्त्राला हे अनपेक्षित नाही. कामाचा भार मोठा आणि कामावरचा ताबा कमी असला की ताण सर्वाधिक वाढतो, अशी मांडणी संशोधक रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्येच केली होती.

दुसरा प्रयोग २०२१-२२ मधला, १,६१२ पदवीधर कर्मचाऱ्यांचा. येथे बुधवार आणि शुक्रवार घरून काम करण्याची मुभा होती. निकोलस ब्लूम, रुओबिंग हान आणि जेम्स लिआंग या संशोधकांनी २०२४ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत मांडलेल्या निष्कर्षांनुसार राजीनामे एक तृतीयांशाने घटले, समाधान वाढले, आणि पुढील दोन वर्षांच्या मूल्यमापनात वा बढत्यांत कोणताही तोटा दिसला नाही. लाभ विशेषतः स्त्रियांना आणि लांबून ये-जा करणाऱ्यांना झाला. व्यवस्थापकांच्या राजीनाम्यांत मात्र घट आढळली नाही, आणि प्रयोगापूर्वी उत्पादकता सरासरी २.६ टक्क्यांनी घटेल असा अंदाजही त्यांचाच होता. प्रयोगानंतर तेच व्यवस्थापक ती एक टक्क्याने वाढते असे सांगू लागले.