जुन्या बाहुलीचे केस : आमच्याकडे आणण्याआधी हे वाचा

माळ्यावरच्या ट्रंकेतून लहानपणीची बाहुली निघाली की पहिली इच्छा होते ती तिला शांपू लावून गरम पाण्याने खसाखसा धुण्याची. तेवढं मात्र करू नका. बऱ्याच बाहुल्यांचं खरं नुकसान याच अंघोळीत होतं.

आडवी केली की डोळे मिटणारी बाहुली असेल तर डोक्यावर पाणी अजिबात नको. ते डोळ्यांच्या फटीतून आत जातं आणि आतली तार गंजते. लाकडाचा भुसा आणि सरस यांच्या लगद्याची जुनी बाहुली पाण्याने फुगते, तिचा रंग तडकून उडतो. सेल्युलॉइडची, म्हणजे जुन्या प्रकारच्या प्लॅस्टिकची बाहुली तर आगीला आणि उष्णतेला फार नाजूक. तिच्याजवळ ड्रायरसुद्धा नेऊ नका. अशा बाहुल्यांचे केस आम्ही ओल्या कापसाने, एकेक बट हातात धरून साफ करतो. वेळ लागतो, पण दुसरा मार्ग नाही.

आधी धागा ओळखायचा

मानेमागचा एक केस कापून तो साबणाचा थेंब घातलेल्या वाटीभर पाण्यात बुडवतो आणि सोडून देतो. वर तरंगला तर तो पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे एक हलकं प्लॅस्टिक. स्वस्त बाहुल्यांना हेच केस असतात. ते लवकर पिंजारतात आणि कुरळेपणा टिकत नाही. ते आम्ही स्वच्छ आणि सरळ करून देतो, कुरळ्यांचा शब्द देत नाही. केस तळाशी गेला तर तो नायलॉन, सरान किंवा कानेकालोन, हेही कृत्रिम धागेच. १९५९ साली बार्बी बाजारात आली तेव्हा तिचे केस सरानचे होते. कानेकालोन तुमच्याही ओळखीचा असेल, गंगावनं आणि विग त्याचे बनतात. कुरळे करताना त्याला सरानपेक्षा कमी गरम पाणी लागतं. चिनी मातीच्या डोक्याच्या जुन्या बाहुल्यांना बहुतेक वेळा मोहेरचा (अंगोरा बकरीच्या लोकरीचा) किंवा माणसाच्या केसांचा टोप असतो. त्याचं काम सगळं वेगळंच.

आपल्याकडची खास अडचण : खोबरेल तेल

बॉक्सवर ‘लिओ मॅटेल’ लिहिलेल्या, भारतात बनलेल्या बार्बी आमच्याकडे बऱ्याच येतात. त्यांच्या मालकिणींनी त्यांना अगदी स्वतःसारखं सांभाळलेलं असतं, म्हणजे तेल चोपडून, पावडर लावून, दोन घट्ट वेण्या घालून. तेल, पावडर आणि धूळ मिळून केसांच्या मुळाशी करडा थर धरतो. शांपूने तो जेमतेम हलतो. कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन-चार थेंब टाकून तो सुटतो. मग कपड्यांचं कंडिशनर लावायचं आणि रुंद दातांच्या स्टीलच्या फणीने टोकाकडून वर वर गुंता काढत जायचा. मुळापासून फणी ओढली की झुबके निघून येतात. वेणीला जुनं रबरबँड चिकटलं असेल तर ते ओढू नका, तसंच राहू द्या.

नव्वदच्या दशकाच्या मध्यापासूनच्या अनेक बार्बींच्या डोक्यात, केस पक्के राहावेत म्हणून आतून गोंद भरलेला आहे. तो मुळांतून झिरपतो आणि कितीही धुतलं तरी केस चिकटच लागतात. वर आलेला गोंद आम्ही काढतो. तो पुन्हा येणार नाही अशी हमी देत नाही. कोणी देत असेल तर जरा जपूनच.

कुरळे आणि मूळची ठेवण

स्ट्रॉच्या तुकड्यांवर बट गुंडाळायची, टोकाला टिश्यूची घडी, मग उकळून थोडं निवलेलं पाणी ओतायचं. केस पूर्ण थंड आणि कोरडे होईपर्यंत स्ट्रॉ काढायचे नाहीत. सगळी करामत या थांबण्यात आहे. केस सरळ करायची इस्त्री आम्ही वापरत नाही, तुम्हीही वापरू नका. धागा वितळला की त्यावर इलाज नाही.

ठेवण बदलून मागताना एक लक्षात घ्या. पोनीटेलसाठी बनवलेल्या बाहुलीला केस मुख्यतः कडेने लावलेले असतात, मधे टाळू जवळजवळ मोकळी. ते सोडले की टक्कल दिसतं. भांग तर कारखान्यातच ठरतो, तिथे झुबक्यांची ओळ दाट असते. म्हणून मधला भांग बाजूला सरकवता येत नाही.

नवे केस कधी?

लहान भावाने कात्री चालवली असेल किंवा झुबकेच्या झुबके गेले असतील तरच. त्यासाठी डोकं गरम पाण्यात मऊ करून मानेवरून काढावं लागतं (घाईत ओढलं तर मानेची खुंटी तुटते), जुने झुबके आतून उपटावे लागतात आणि प्रत्येक भोकात सुईने नवा झुबका ओवावा लागतो. डोकं व्हायनिलचं, म्हणजे मऊ प्लॅस्टिकचं असेल तरच हे जमतं. आमचं मत विचाराल तर विरळ झाले तरी मूळचे केस ठेवावेत. संग्राहकही त्यांनाच जास्त मोल देतात. फक्त तुमच्या नातीला खेळायला द्यायची असेल तर गोष्ट वेगळी, मग खुशाल नवे लावू. काढलेले केस पुडीत बांधून परत देतो.

खर्च बाहुली पाहूनच सांगतो. आधी समोरून, मागून आणि भांगाचा असे तीन फोटो दिवसाउजेडी काढून पाठवा. कानाशी हिरवा डाग असेल तर तोही दाखवा. तो धातूच्या कानातल्यांमुळे पडतो, त्याचे पैसे वेगळे.

घरी नेल्यावर केसांवर बांधलेली जाळी दोन दिवस काढू नका. कपाटात डांबरगोळ्या असतील तर बाहुलीला दुसरा कप्पा द्या, त्यांच्या वाफेने काही प्रकारचं प्लॅस्टिक मऊ पडतं. मोहेरच्या टोपाला कसर लागते, तेव्हा तो महिन्यातून एकदा बाहेर काढून, झटकून बघा.